आधी भाडेकरू मोजा, मग विटा

पुसेगाव म्हटलं की बहुतेकांना साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव आठवतं. हा लेख हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसाठी आहे, आणि मराठवाड्यात रस्त्याकडेला वाढलेल्या त्याच्यासारख्या मोठ्या गावांसाठी. सोयाबीन-हळदीचे चार पैसे बाजूला पडलेत, किंवा निवृत्तीची रक्कम हाती आली आहे, किंवा पुण्यातला मुलगा म्हणतोय, ‘बाबा, रस्त्याकडच्या जागेवर काहीतरी काढा.’ मग चावडीवर एकच सल्ला मिळतो. दोन खोल्या काढा, दोन शटर टाका, घरबसल्या भाडं येईल.

भाडं येतं, पण घरबसल्या येत नाही. शिवाय भाड्याच्या घरांवर जे काही लिहिलं-बोललं जातं ते पुण्या-मुंबईचे फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून. तिथे जागेची किंमत वाढते, म्हणून भाडं कमी मिळालं तरी मालक गप्प बसतो. गावात बांधलेल्या खोल्या विकायला काढल्या तर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून गावातल्या गुंतवणुकीचा हिशेब भाड्यावरच उभा राहिला पाहिजे, आणि भाडं देतो माणूस. जागा, विटा, सिमेंट हे सगळं त्याच्यानंतर.

गावात भाडं देतं कोण?

एक वही घ्या आणि आज आपल्या गावात भाड्याने राहणाऱ्यांची किंवा भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्यांची यादी करा. सगळ्या गावची माहिती आपल्याला असतेच, तासाभरात यादी होते. जिल्हा परिषदेचे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, आरोग्यसेविका, महावितरणचा लाइनमन, रस्त्याच्या कामावर आलेल्या ठेकेदाराची माणसं. गाळ्यांच्या बाजूला कृषी सेवा केंद्र, मेडिकल, मोबाइल दुरुस्ती, सीएससी सेंटर, सलून, भुसार माल घेणारे. नावापुढे तो किती वर्षांपासून आहे आणि भाडं किती देतो ते लिहा. मग दुसरी यादी करा, जास्त महत्त्वाची. गावात नोकरी करणारे पण हिंगोलीहून किंवा सेनगावहून अपडाऊन करणारे कोण?

दुसरी यादी बहुधा पहिलीपेक्षा लांब भरेल. रस्ता सुधारला, घरोघरी मोटारसायकल आली, आणि नोकरदाराने बिऱ्हाड तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं. त्याच्या मुलांची शाळा तिथे, बायकोची नोकरी किंवा शिवणक्लास तिथे, दवाखाना तिथे. त्यामुळे चांगल्या रस्त्याने गावातल्या राहत्या खोल्यांची मागणी घटते आणि त्याच रस्त्याने गाळ्यांची मागणी वाढते, कारण आसपासच्या वाड्या-वस्त्यांचा माणूस खत-बियाण्याला, औषधाला आणि मोबाइलच्या काचेला मोठ्या गावी येतो. माझं मत स्पष्ट आहे. पुसेगावसारख्या गावात नव्याने सुरुवात करणाऱ्याने जागा रस्त्यावर असेल तर आधी गाळ्याचा विचार करावा. जागा आत गल्लीत असेल तर खोल्या काढण्याआधी निदान दोन माणसांचं ‘खोली झाली की येतो’ असं ठरलेलं असावं, आणि तेही ‘बघू’ म्हणणाऱ्यांचं नव्हे.

इथे एका वेगळ्या गिऱ्हाइकाबद्दल सावध करतो. सरकारी कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं अशी अपेक्षा असते, घरभाडे भत्त्याचा प्रश्न त्याला जोडलेला असतो, आणि ग्रामसभेच्या ठरावापर्यंत हे प्रकरण जातं. त्यातून कधीतरी एखादे सर किंवा साहेब येऊन म्हणतात, ‘राहणार नाही हो, फक्त भाडेकरार करून द्या, वर तुम्हाला काहीतरी देतो.’ नको म्हणा. ओळखीचे असले, पोराचे गुरुजी असले तरी नको. खोटा कागद तुमच्या सहीचा असतो, चौकशी लागली की विचारणा तुम्हालाही होते, आणि गावातला कुणी ना कुणी तक्रारदार असतोच.

आकडे मांडल्याशिवाय पाया खणू नका

खालचे आकडे पुसेगावचे दर नाहीत, हिशेबाची रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गवंड्याचा आणि तुमच्या गल्लीचा आकडा त्यात घाला.

समजा जागा स्वतःची आहे. दोन खोल्या, ओटा, संडास-बाथरूम मिळून ४०० चौरस फूट. चौरस फुटाला १५०० रुपये धरले तर ६ लाख. पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, वीजजोडणी, कंपाउंडचा तुकडा यांना आणखी लाखभर. झाले ७ लाख. भाडं महिना ३००० धरू. वर्षाचे ३६ हजार दिसतात, पण बदल्या मे-जूनमध्ये होतात, एक जातो आणि दुसरा यायला वेळ लागतो, म्हणून दीड महिना रिकामा धरा. राहिले ३१,५००. चुना-रंग, नळाच्या तोट्या, गच्चीची गळती, ग्रामपंचायतीचा कर यांना वर्षाला साडेपाच हजार बाजूला टाका. हाती २६ हजार. सात लाखांवर हे पावणेचार टक्केही होत नाहीत. जागेची किंमत तर आपण धरलेलीच नाही. बँकेतली मुदत ठेव यापेक्षा जास्त देते आणि तिची गच्ची गळत नाही.

आता त्याच जागेच्या रस्त्याकडच्या तोंडाला १० बाय १२ चे दोन गाळे. २४० चौरस फुटांचे ३ लाख ६० हजार, शटर आणि वीजजोडणीचे ४० हजार, एकूण ४ लाख. प्रत्येकी २००० भाडं, वर्षातले दोन महिने रिकामे धरले तर ४० हजार, खर्च पाच हजार. हाती ३५ हजार, म्हणजे पावणेनऊ टक्के. फरक उघड आहे. पण हा हिशेब गाळा रस्त्यावर आहे आणि गावात त्या धंद्याला जागा आहे हे गृहीत धरून केलेला. रस्त्यावर आधीच चार शटर बंद पडलेली असतील तर तुमचं पाचवं उघडेल असं मानायला काही कारण नाही. बंद शटर मोजणं हा बाजारपेठ अभ्यासण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

कर्जाचं म्हणाल तर वरच्या सात लाखांसाठी ९ टक्क्यांनी १५ वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता सात हजारांच्या वर जातो. भाडं तीन हजार. उरलेले चार हजार दर महिन्याला सोयाबीनमधून भरायचे, आणि सोयाबीनचा भाव तुमच्या हातात नाही. म्हणून गावात भाड्यासाठी बांधताना कर्ज न काढणं बरं, आणि काढलंच तर नुसत्या भाड्यातून हप्ता निघेल एवढंच. शेत विकून खोल्या काढणं किंवा बायकोचे दागिने ठेवून शटर टाकणं याला माझ्या लेखी गुंतवणूक म्हणता येणार नाही.

कागद: नमुना ८ वर भागत नाही

गावठाणातल्या घराचा म्हणून लोक जो कागद दाखवतात तो बहुतेकदा ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. तो नीट वाचा. मिळकत क्रमांक, मालकाचं नाव, त्याच्या शेजारच्या रकान्यात भोगवटादाराचं नाव, बांधकाम मातीचं की विटा-सिमेंटचं, क्षेत्रफळ, आणि पुढे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर. ही आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते, तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. विकत घेणार असाल तर नोंदणीकृत खरेदीखत, वारसाने आली असेल तर वारसनोंद किंवा वाटणीपत्र, आणि गावाची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक मागा. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रकं निघू लागली आहेत. आपल्या गावचं पत्रक निघालं असेल तर त्यावरची हद्द आणि प्रत्यक्षातली भिंत जुळते का, हे पाया खणायच्या आधी पाहून घ्या.

नमुना ८ मधल्या त्या दुसऱ्या रकान्याकडे घरमालकाने दरवर्षी एक नजर टाकावी. भाडेकरू पाच-सात वर्षं राहतो, करही कधीमधी तोच भरतो, आणि एखाद्या फेरआकारणीत त्याचं नाव भोगवटादार म्हणून चढतं. तेवढ्याने घर त्याचं होत नाही, पण उद्या वाद झाला तर त्याच्या वकिलाच्या हातात तेवढाच एक कागद जास्त. कर स्वतः भरा, पावती स्वतःच्या नावाने घ्या.

जागा गावठाणाबाहेर, शेतात असेल तर गोष्ट वेगळी. सातबाऱ्यावरच्या जमिनीवर भाड्याचं बांधकाम करायचं तर ती अकृषिक व्हायला लागते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला राहत्या वापरासाठी सवलतीची तरतूद आहे, रूपांतरण कर भरून काम होतं. तहसीलमध्ये ‘कलम ४२ ड’ असं विचारा, समोरच्याला लगेच कळेल. दुसरी अडचण तुकडेबंदीची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. त्यानंतर छोट्या तुकड्यांना सूट देण्याच्या हालचाली झाल्या आणि नियम अजून हलत आहेत. म्हणून ‘एक गुंठा घ्या, नंतर नावावर होईल’ असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. आज, तुमच्या गटात, दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवून घेतो का, हा एकच प्रश्न विचारा.

रस्त्याकडच्या गाळ्यांना तिसरीही एक भानगड असते. शटर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हद्दीत येत असेल तर रुंदीकरणाच्या दिवशी आधी तेच जातं. गायरानावरच्या जागेचं तर नावच काढू नका.

आणि घरातली गोष्ट. जागा वडिलोपार्जित असेल, वाटणी झालेली नसेल आणि तुम्ही स्वतःच्या पैशाने बांधलं असेल, तर दहा वर्षांनी भाऊ म्हणणार, ‘जागा सगळ्यांची, मग भाडं एकट्याचं कसं?’ बहिणींचाही हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना सहदायाद मानलं आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क देशभर पक्का झाला. बांधायच्या आधी भावा-बहिणींना बसवून वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र नोंदवून घ्या. तोंडी संमती चहाच्या कपाइतका वेळ टिकते.

कुळाची भीती

मराठवाड्यात घर रिकामं ठेवतील पण भाड्याने देणार नाहीत अशी माणसं पुष्कळ. कारण विचारलं की उत्तर येतं, ‘कूळ लागतं हो.’ या भीतीला इतिहास आहे. हा मुलूख निजामाचा, आणि १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिलं. अनेकांच्या आज्या-पणज्यांच्या जमिनी कुळांकडे गेल्या. ती आठवण घरांनाही चिकटली. पण तो कायदा शेतजमिनीचा. घराचा भाडेकरू कूळ होत नाही.

घरांसाठी इथे १९५४ चा हैदराबादचा वेगळा भाडे नियंत्रण कायदा होता. तो जाऊन सगळ्या राज्याला एकच असा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. यातलं कलम ५५ प्रत्येक घरमालकाने भिंतीवर लावावं असं आहे. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून टोचणारी बाब अशी की नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे भाडं ३००० ठरलं होतं आणि तो न्यायालयात १००० म्हणाला, तर ३००० सिद्ध करत बसायचं तुम्ही.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांना लागू होतो. त्यामुळे हिंगोली नगरपालिकेच्या हद्दीतलं घर आणि पुसेगाव ग्रामपंचायतीच्या हद्दीतलं घर यांना एकच कायदा लागेलच असं नाही. जिथे तो लागत नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यात महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. आपली जागा कुठल्या कायद्यात बसते हे वकिलाला एकदाच फी देऊन विचारून घ्या. कुठल्याही कायद्यात बसली तरी नोंदवलेला करार तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

बाँडवर टाइप करून नोटरी केलेला ‘अकरा महिन्यांचा करार’ म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती एका वर्षाहून मोठा भाडेपट्टा नोंदवावा लागतो या जुन्या नियमातून पळवाट म्हणून. १९९९ च्या कायद्याने ती पळवाट महाराष्ट्रात बुजवली. लिव्ह अँड लायसन्स करार करा, तो आता ऑनलाइन नोंदवता येतो, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, दोन साक्षीदारांसह. मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना ३००० भाडं, १० हजार डिपॉझिट, ११ महिने असा करार असेल तर एकूण भाडं ३३ हजार, त्यात डिपॉझिटवरचं दहा टक्के दराचं मानीव व्याज सुमारे ९०० रुपये. त्याचा पाव टक्का शंभर रुपयांच्या आत येतो. ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. करार करून देणाऱ्याची फी वेगळी. करायच्या आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर चालू दर पाहून घ्या. तरी ‘कशाला खर्च’ म्हणणारे मालक आहेत, आणि त्यांचीच प्रकरणं कोर्टात लोळत पडतात.

करारात चार गोष्टी पुन्हा पुन्हा विसरल्या जातात. वीजबिल आणि पाणीपट्टी कुणी भरायची. सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. डिपॉझिटमधून काय कापता येईल. आणि खोलीत काय काय होतं, म्हणजे पंखे किती, ट्यूब किती, गिझर होता का, दाराचं लॉक कुठलं. शेवटच्या यादीचे फोटो मोबाइलवर काढून भाडेकरूलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याचं ‘ठीक आहे’ आलं की ठेवून द्या. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या. प्रशासनाचा आदेश असेल तेव्हा ते बंधनकारक असतंच, नसला तरी देऊन ठेवा, पोर्टलवरूनही देता येते.

बांधताना भाडेकरूच्या बायकोला विचारा

खोली कोण पसंत करतं? करारावर सही सरांची असते, पण खोली बघायला आलेल्या बाई आधी पाणी विचारतात. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो, बोअरला पाणी राहतं का, टाकी केवढी. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये या प्रश्नाचं उत्तर नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ. टाइल्सवरचे वीस हजार वाचवा आणि मोठी टाकी बसवा. मग ओटा उभ्याने काम करता येईल एवढा उंच आहे का, संडास आतच आहे का, दाराला आतून कडी मजबूत आहे का. एकट्या राहणाऱ्या आरोग्यसेविकेला किंवा शिक्षिकेला या तीन गोष्टी मिळाल्या तर ती भाड्याचे शे-दोनशे जास्त देते आणि टिकते.

पत्र्याची खोली स्वस्तात होते, पण मे महिन्यात तिच्यात दुपारी कुणी बसू शकत नाही. नोकरदार ती घेत नाही, मजूर घेतात आणि हंगाम संपला की जातात. स्लॅब टाकत असाल तर ढाळ आणि पन्हाळी नीट करून घ्या, गच्चीवर पाणी साचलं की दोन पावसाळ्यांत ओल उतरते. वीजमीटर प्रत्येक भाडेकरूला वेगळा घ्या. एका मीटरवर तीन बिऱ्हाडं जोडली की दर महिन्याला पंख्यांची मोजणी आणि भांडण ठरलेलं. गाळ्याची जोडणी व्यापारी दराची असते. घरगुती मीटरवरून दुकान चालवू देऊ नका, पकडलं गेलं तर दंडाची नोटीस जोडणी ज्याच्या नावावर त्याला येते.

सरकारी घरकुल मिळालं असेल तर ते भाड्याने द्यायच्या भानगडीत पडू नका. ते राहण्यासाठी मिळालंय.

नाती आणि भाडं

गावात भाडेकरू बहुधा ओळखीचा असतो, कधी पाव्हणाच असतो. भाचीच्या नवऱ्याला दुकान दिलं की भाडं कसं मागायचं? मला विचाराल तर पाव्हण्यांना भाड्याने देऊच नये. द्यायचं तर भाडं न घेता, आपलं म्हणून, वेळ ठरवून द्यावं. अर्धवट व्यवहारात नातंही जातं आणि भाडंही.

भाडं यूपीआयने किंवा खात्यात घ्या. रोखीने घेतलं तर पावती द्या, नुसतं वहीत टिपून ठेवू नका. वाढ किती आणि कधी ते करारातच लिहा. १९९९ च्या कायद्याने जुन्या भाडेकरूंच्या भाड्याला वर्षाला चार टक्के वाढ ठरवली आहे, पण लिव्ह अँड लायसन्समध्ये आपण ठरवू ती. करार संपला की नवा करा, ‘चालू द्या तसंच’ म्हणू नका. मुदत संपूनही राहत्या जागेचा परवानाधारक हलत नसेल तर १९९९ चा कायदा जिथे लागू आहे तिथे कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. त्यासाठी पुन्हा नोंदवलेला करारच लागतो. कुलूप बदलणं, पाणी तोडणं, लाइट काढणं हे मालकाला वाटतं तसे उपाय नाहीत. अत्यावश्यक सेवा तोडणं कायद्याने गुन्हा आहे, आणि गावात तुमच्या नावाचाही बोभाटा होतो.

आयकराबद्दल शेतकऱ्यांत एक गैरसमज पक्का आहे की गावातलं उत्पन्न सगळं शेतीचं. घराचं भाडं शेतीचं उत्पन्न नाही. भरलेला कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर निवासी माणसाला सूट मिळून कर शून्य होतो, त्यामुळे दोन गाळ्यांच्या मालकाला बहुधा काही भरावं लागत नाही. पण निवृत्तिवेतन, ठेवींचं व्याज आणि भाडं एकत्र येत असेल तर विवरणपत्र भरा.

हिंगोली, लायगो आणि टॉवर

पैसा पुसेगावचा असला तरी घर पुसेगावातच हवं असं नाही. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून कचेऱ्या तिथे वाढल्या. राज्य राखीव पोलीस दलाचा गट आहे, २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, भरतीची तयारी करणारी पोरं खोली शोधत फिरतात. खोल्यांचा खरा भाडेकरू तिथे आहे. पण तिथे जागा विकत घ्यावी लागते आणि रोज लक्ष घालायला तुम्ही तिथे नसता, म्हणून पहिला अनुभव गावातल्या एका गाळ्यावर घेऊन मगच हिंगोलीकडे वळा.

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी दिली आणि तेव्हापासून ‘लायगोजवळ प्लॉट’ अशा जाहिराती फिरू लागल्या. वेधशाळा म्हणजे साखर कारखाना नव्हे. तिला हजारो कामगार लागत नाहीत, उलट आजूबाजूला हादरे आणि गर्दी जितकी कमी तितकी बरी. तिथे कुणाला तरी भाडं मिळेलही, पण त्या आशेवर पुसेगावच्या माणसाने पैसे अडकवू नयेत.

मोबाइल टॉवरचा फोन आला, ‘लाखांचं डिपॉझिट, महिन्याला मोठं भाडं, फक्त आधी नोंदणी फी भरा’, तर फोन ठेवून द्या. टॉवर बसवणारी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाही. दूरसंचार विभाग आणि ट्राय हेच सांगून थकलेत, आणि तरी लोक पैसे भरतात.

सोडताना

भाडेकरू जातो त्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून वाचा, फोटो काढा. त्या आकड्यापर्यंतचं बिल अजून आलेलं नसतं, म्हणून मागच्या तीन बिलांच्या सरासरीएवढी रक्कम डिपॉझिटमधून धरून ठेवा आणि बाकीचे पैसे त्याच दिवशी द्या. बिल आलं की फरक परत करा. कापायचं असेल ते फोटोंच्या यादीवरून कापा, मनावरून नाही. चुना उडालाय म्हणून डिपॉझिट अडवून ठेवणारा मालक बदलीवर आलेल्या पुढच्या शिक्षकाला आधीच माहीत झालेला असतो, कारण शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिल्याच दिवशी चौकशी होते की खोली कुणाची घ्यावी.

गाळ्याच्या बाबतीत एक जास्तीचं काम आहे. आधीच्या दुकानदाराचे जीएसटी, शॉप ॲक्ट किंवा खत-बियाण्याचे परवाने तुमच्या जागेच्या पत्त्यावर असतील तर तो पत्ता त्याने बदलून घेतल्याचा कागद मागा, मगच डिपॉझिटचा शेवटचा हप्ता द्या. नाहीतर नवा कृषी सेवा केंद्रवाला त्याच पत्त्यावर परवाना काढायला गेला की जुन्याचं नाव पुढे येतं, त्याचं काम अडतं आणि तो पहिल्या महिन्याचं भाडं अडवतो.